गर्भवती आणि झिका : दिवसा चावणाऱ्या डासाविषयी काय ठाऊक हवे?

जून २०२४ च्या अखेरीस पुण्यातील एरंडवणे परिसरात झिका विषाणूची लागण झालेले रुग्ण आढळले आणि पाठोपाठ शहराच्या अन्य भागांतूनही रुग्णांची नोंद होऊ लागली. त्यांत गर्भवतींचा वाटा मोठा होता. रुग्ण आढळलेल्या भागांतील गर्भवतींची तपासणी मुद्दाम केली जात असल्याने त्यांतील लागण लवकर उघडकीस आली. ३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना सूचना पाठवल्या. बाधित भागांतील गर्भवतींची झिकासाठी चाचणी करावी, लागण झालेल्या मातेच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवावे आणि रुग्णालयांची आवारे डासमुक्त राहतील याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर सोपवावी, असे त्यांत नमूद होते. त्या वर्षअखेरीपर्यंत महाराष्ट्रातील रुग्णसंख्येने शंभरी ओलांडली होती.

सर्वसाधारण माणसासाठी झिका हा सौम्य आजार आहे. गर्भवतीच्या बाबतीत मात्र आजार मातेला सौम्य आणि गर्भाला गंभीर, अशी विषम विभागणी होते. त्यामुळे या विषाणूविषयीची माहिती गर्भवतीपर्यंत आणि तिच्या घरापर्यंत वेळेत पोहोचणे हाच आजघडीचा प्रमुख प्रतिबंध होय. झिकावर लस उपलब्ध नाही आणि विषाणूचा नाश करणारे विशिष्ट औषधही नाही.

विषाणूचा प्रवास

झिका हे युगांडातील एन्टेबी शहराजवळच्या एका जंगलाचे नाव. पीतज्वराच्या संशोधनासाठी तेथे पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात १९४७ मध्ये हा विषाणू प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी त्याच जंगलातील एडिस जातीच्या डासांतही तो आढळला. त्यानंतरची सुमारे साठ वर्षे आफ्रिका व आशियात तुरळक रुग्ण नोंदले गेले. या आजाराकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही.

२००७ मध्ये प्रशांत महासागरातील मायक्रोनेशियाच्या याप बेटावर झिकाची पहिली मोठी साथ आली. बेटावरील सुमारे तीन चतुर्थांश रहिवाशांना लागण झाल्याचा अंदाज तेथील अभ्यासातून निघाला. परंतु लागण झालेल्यांपैकी पाचांतील चार जणांना कोणतीही लक्षणे जाणवली नव्हती. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात आणि २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये साथ पसरली. ब्राझीलच्या ईशान्य भागात त्या वर्षाच्या उत्तरार्धात असामान्यरीत्या लहान डोक्याची बालके मोठ्या संख्येने जन्माला येऊ लागली आणि झिकाकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने १ फेब्रुवारी २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आली, तरी विषाणू नाहीसा झाला नाही.

भारतात या विषाणूची चाहूल जुनी आहे. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, पन्नाशीच्या दशकात केलेल्या तपासणीत काही भारतीयांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. डेंग्यूची प्रतिपिंडे झिकाच्या चाचणीत गोंधळ निर्माण करू शकतात, त्यामुळे त्या निष्कर्षाकडे सावधपणे पाहिले जाते. प्रयोगशाळेत निश्चित झालेले पहिले रुग्ण अहमदाबादमधील होते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या या तीन रुग्णांपैकी एक नुकतीच प्रसूत झालेली स्त्री होती, तर दुसरी प्रसूतिपूर्व तपासणीसाठी आलेली गर्भवती. २०१८ मध्ये राजस्थान व मध्य प्रदेशात साथ आली. जुलै २०२१ मध्ये केरळमध्ये पहिली नोंद झाली, तीही तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील एका गर्भवतीची. त्याच महिन्याच्या अखेरीस पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आढळला. हा आजार केवळ महानगरांचा नाही, हे बेलसरने दाखवून दिले.

गर्भावर होणारे परिणाम

मातेच्या रक्तातील झिका विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. वाढत्या मेंदूतील पेशींवर तो हल्ला करतो. मेंदूची वाढ खुंटली, की कवटीची वाढही थांबते आणि बालकाचे डोके वयाच्या मानाने लहान राहते. यालाच मायक्रोसेफली अर्थात लघुशीर्षता म्हणतात. याशिवाय मेंदूत कॅल्शियमचे साठे होणे, डोळ्यांच्या पडद्याला इजा होणे, श्रवणदोष, सांधे आखडलेले असणे, स्नायू ताठर असणे असे दोषही आढळतात. या सर्वांना मिळून जन्मजात झिका लक्षणसमूह असे नाव आहे. गर्भपात, मृत बालकाचा जन्म आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोकाही वाढतो.

गर्भावस्थेत लागण झालेल्या मातांच्या बालकांपैकी ५ ते १५ टक्के बालकांत झिकाशी संबंधित गुंतागुंत आढळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवा. बहुसंख्य बालके निरोगी जन्मतात, त्यामुळे लागण म्हणजे व्यंग असे समीकरण मांडणे चुकीचे. परंतु शंभर बाधित मातांमागे पाच ते पंधरा हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगेही नाही. पहिल्या तीन महिन्यांतील लागण सर्वाधिक धोक्याची मानली जाते, तथापि पुढील महिन्यांतही धोका पूर्णपणे टळत नाही. मातेला ताप आला नसला, तरी गर्भाला बाधा होऊ शकते. जन्मतः डोके नेहमीच्या आकाराचे असलेल्या काही बालकांतही पुढे वाढीचे दोष दिसून आले आहेत. म्हणून अशा बालकांची दृष्टी, श्रवण आणि विकास यांची तपासणी पुढेही करावी लागते.

डेंग्यू आणि चिकुनगुनियाही त्याच डासाचे

झिका पसरवणारा एडिस डास डेंग्यू आणि चिकुनगुनियाही पसरवतो. त्यामुळे एका डासापासूनचा बचाव तिन्ही आजारांना लागू पडतो. गर्भावस्थेतील डेंग्यूमुळे रक्तस्राव आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. गर्भावस्थेत रक्तातील द्रवाचे प्रमाण मुळातच वाढलेले असल्याने आजार बळावल्याची खूण तपासणीत झाकली जाण्याची शक्यता असते. डेंग्यूमधील तीव्र पोटदुखी ही प्रसूतीची कळ समजली जाण्याचाही संभव असतो. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वाधिक नाजूक असतात; नेमके त्याच वेळी घरातील मंडळी निश्चिंत होतात.

चिकुनगुनियाचा धोका प्रसूतीच्या आसपास एकवटलेला असतो. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये आलेल्या साथीत, प्रसूतीच्या वेळी रक्तात विषाणू असलेल्या मातांच्या जवळपास निम्म्या बालकांना लागण झाली होती. जन्मानंतर तीन ते सात दिवसांत ही बालके तापाने फणफणली, त्यांचे दूध पिणे मंदावले आणि काहींच्या मेंदूला सूज आली. सिझेरियन शस्त्रक्रियेने ही लागण टळली नाही. महाराष्ट्रानेही २००६ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ अनुभवली आहे.

माहिती आहे, पण अपुरी

डासांमुळे ताप येतो, हे आज खेड्यापाड्यांतील गर्भवतीही सांगतात. डेंग्यूचे नाव घरोघरी पोहोचले आहे. निरनिराळ्या देशांत गर्भवतींच्या ज्ञानाविषयी झालेल्या पाहण्यांत झिकाविषयीची माहिती मात्र तुलनेने कमी असल्याचे आणि त्यातही लैंगिक संबंधांतून होणाऱ्या प्रसाराची माहिती सर्वांत कमी असल्याचे वारंवार दिसून आले आहे. माहितीतील या उणिवा नेमक्या कोठे आहेत, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पहिली उणीव वेळेची. डास रात्री चावतात ही समजूत मलेरियाच्या प्रचारातून रुजली. मलेरियाचा अॅनाफिलीस डास रात्रीचा असतो. एडिस मात्र दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे काही तास आणि सूर्यास्तापूर्वीचे काही तास हा त्याचा विशेष सक्रिय काळ. रात्री मच्छरदाणी लावून दुपारी उघड्यावर झोपणारी गर्भवती स्वतःला सुरक्षित समजते, परंतु धोक्याची वेळ तिने मोकळी सोडलेली असते.

दुसरी उणीव पाण्याची. गटारे आणि सांडपाणी म्हणजे डास, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एडिसला मात्र घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी आवडते. घर लखलखीत असले तरी फ्रिजमागच्या तबकात किंवा मनीप्लँटच्या बाटलीत त्याच्या अळ्या असू शकतात.

तिसरी उणीव लक्षणांची. ताप आला नाही म्हणजे आजार नाही, हा नेहमीचा ठोकताळा झिकाला लागू पडत नाही. चौथी उणीव प्रसारमार्गाची. हा विषाणू बाधित पुरुषाच्या वीर्यात ताप उतरल्यानंतरही दीर्घकाळ राहू शकतो आणि लैंगिक संबंधांतून गर्भवतीपर्यंत पोहोचू शकतो. संकोचामुळे हा विषय आरोग्यशिक्षणात बहुधा वगळला जातो.

डासाचे घर आपल्याच घरात

एडिसची मादी पाण्याच्या पृष्ठभागालगत, भांड्याच्या आतील भिंतीला चिकटून अंडी घालते. पाणी ओतून दिले तरी अंडी भिंतीला तशीच राहतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले, की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याच्या सूचनेमागचे गणित हेच आहे. त्या दिवशी भांडे केवळ रिकामे करणे पुरेसे नाही. ते आतून घासणे, वाळवणे आणि मगच भरणे आवश्यक असते.

हा डास फार दूर उडत नाही. त्यामुळे चावणारा डास बहुधा त्याच घरात, त्याच इमारतीत किंवा शेजारच्या मोकळ्या भूखंडावर जन्मलेला असतो. एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या वस्त्यांत पिंपे, हंडे, रांजण, सिमेंटच्या टाक्या भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. ब्राझीलच्या ईशान्य भागातील गरीब वस्त्यांतही नळाच्या अनियमित पाण्यामुळे घरोघरी साठवण होत असे आणि त्याच वस्त्यांना झिकाची सर्वाधिक झळ बसली. पाणीटंचाई आणि डास यांचा हा संबंध महाराष्ट्रालाही अपरिचित नाही.

धुराची फवारणी झाली की नागरिकांना दिलासा वाटतो. तिने उडणारे काही डास तात्पुरते मरतात. अळ्या आणि अंडी मात्र शाबूत राहतात. म्हणून अळ्यांची स्थाने नष्ट करणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

गर्भवतीने आणि घराने काय करावे?

- पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे व सैलसर कपडे वापरावेत. हा डास पाय व घोट्यांना अधिक चावतो, म्हणून पाय झाकलेले असावेत.
- दुपारची विश्रांतीही मच्छरदाणीतच घ्यावी. खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात. पलंगाखाली, पडद्यांमागे, लटकवलेल्या कपड्यांआड डास दबा धरून बसतात. तेथील अडगळ कमी करावी.
- उघड्या त्वचेला डासरोधक मलम लावावे. डाय-इथाइल टोल्युअमाइड किंवा पिकारिडिन हे घटक असलेली मलमे वेष्टनावरील सूचनेनुसार वापरल्यास गर्भावस्थेत सुरक्षित मानली जातात. मलम सकाळी आणि दुपारनंतर लावण्यास विसरू नये.
- बंद खोलीत कडुनिंबाचा पाला, गोवऱ्या किंवा अगरबत्त्यांचा दाट धूर करू नये. धुराचा त्रास गर्भवतीला आणि नवजात बालकालाही होतो.
- पाण्याची सर्व भांडी घट्ट झाकणाने किंवा कापडाने बंद ठेवावीत. टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधावी. रिकाम्या करता न येणाऱ्या हौदात आरोग्य विभागाकडून मिळणारे गप्पी मासे सोडावेत.
- कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजचे तबक, गच्चीवरील जुने टायर, डबे, करवंट्या यांची दर आठवड्याला पाहणी करावी.
- साथीच्या भागात राहणाऱ्या किंवा तेथून परतलेल्या पतीने संपूर्ण गर्भकाळात निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत. अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्यांनी अशा प्रवासानंतर वा आजारानंतर, पुरुषाच्या बाबतीत तीन महिने आणि स्त्रीच्या बाबतीत दोन महिने थांबावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. सातव्या-आठव्या महिन्यात लेक येणार म्हणून माहेरी खोली रंगवली जाते, नवे अंथरूण-पांघरूण घेतले जाते. त्याच तयारीत पाण्याच्या टाकीचे झाकण, खिडकीची जाळी आणि मच्छरदाणी यांचाही समावेश व्हायला हवा. सासर व माहेर भिन्न गावी असल्यास, दोन्ही ठिकाणी झिका वा डेंग्यूची साथ आहे किंवा कसे, याची माहिती डॉक्टरांना द्यावी.

ताप आल्यास

झिकाची लक्षणे चावल्यानंतर तीन ते चौदा दिवसांत दिसतात. मंद ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल होणे, सांधे व स्नायू दुखणे, डोकेदुखी ही ती लक्षणे होत. दोन ते सात दिवसांत ती ओसरतात. गर्भवतीने ती अंगावर काढू नयेत. रक्त व लघवीच्या नमुन्यांतून विषाणूचा शोध घेणारी चाचणी आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच विश्वसनीय ठरते. उशीर झाल्यास विषाणू शरीरातून निघून गेलेला असतो आणि निदान अवघड होते.

तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटॅमॉल घ्यावे. डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांचा रस किंवा अन्य घरगुती काढे गर्भावस्थेत डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेणे योग्य नाही. सतत उलट्या, तीव्र पोटदुखी, हिरड्यांतून वा योनीमार्गातून रक्तस्राव, अतिशय ग्लानी किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

चाचणीत झिका आढळल्यास सोनोग्राफीद्वारे गर्भाच्या डोक्याची व मेंदूची वाढ ठरावीक अंतराने पाहिली जाते. केवळ चाचणी सकारात्मक आली म्हणून गर्भपाताचा निर्णय घाईने घेण्याचे कारण नाही. गंभीर व्यंग निश्चित झाल्यास कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार, चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने गर्भपाताचा मार्ग उपलब्ध आहे. बाधित मातेने स्तनपान थांबवू नये; त्याचे लाभ संभाव्य धोक्यापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

जबाबदारी एकटीची नव्हे

जानेवारी २०१६ मध्ये एल साल्वादोर या मध्य अमेरिकी देशाच्या आरोग्य खात्याने स्त्रियांना २०१८ पर्यंत गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला होता. त्यावर जगभरातून टीका झाली. ज्या देशात गर्भपातावर संपूर्ण बंदी होती, तेथे डासांचा प्रश्न स्त्रीच्या गर्भाशयावर सोपवणे अनेकांना अन्यायकारक वाटले. या प्रसंगातून घेण्याजोगा बोध भारतालाही लागू आहे. गर्भवतीला सूचनांची यादी देऊन व्यवस्था मोकळी होऊ शकत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात गच्चीवर चढून टाकी घासणे तिला शक्य नसते आणि शेजारच्या बांधकामावर साचलेले पाणी उपसण्याचा अधिकारही तिला नसतो.

यासाठी आवश्यक यंत्रणा राज्यात आहे. आशा कार्यकर्ती आणि परिचारिका गर्भवतीच्या घरी जातात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची तपासणी होते. रक्तदाब, वजन आणि लोहाच्या गोळ्या यांबरोबर आणखी तीन प्रश्न विचारण्यास फार वेळ लागणार नाही. दुपारी मच्छरदाणी वापरता का? घरातील पाणी कशात साठवता आणि ते शेवटचे कधी घासले? गेल्या काही आठवड्यांत घरात कोणाला, विशेषतः पतीला, ताप वा पुरळ आले होते का? तिसरा प्रश्न विचारताना पती समोर असल्यास अधिक उत्तम.

झिकाची लागण पाहता पाहता ओसरते आणि तिची आठवणही राहत नाही. परिणाम दिसतो तो काही महिन्यांनंतर, प्रसूतिगृहात. त्या वेळी मागे जाऊन काही दुरुस्त करता येत नाही. जे काही करता येण्यासारखे आहे, ते आठवड्यातील एका कोरड्या दिवशी, घरातील सर्वांनी मिळून करावयाचे आहे.